‘काहीतरी चांगलं द्या ना’
पुस्तकाच्या छोट्या दुकानात पहिल्यांदाच शिरणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

आधी दुकान नीट निवडा. पुस्तकांच्या शेजारी टेडी बेअर आणि कॉफीचे मग मांडलेले असतील, तर तिथला मुलगा संगणकात नाव घालून ‘स्टॉकमध्ये नाहीये सर’ एवढंच सांगू शकतो. आपल्याला हवं ते दुकान अरुंद असतं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि पुस्तकं फळीवर उभी कमी, जमिनीवर आडवी जास्त असतात. पुणेकरांना अप्पा बळवंत चौक आठवेल. जरूर जा, फक्त जून महिना टाळा. शाळा सुरू होण्याच्या गर्दीत तिथे ‘वाचायला काहीतरी द्या’ म्हणालात, तर हातात ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंच पडेल आणि दुकानदाराचं काही चुकलंय असं कुणी म्हणणार नाही.

आत गेल्यावर लगेच तोंड उघडू नका. दोन-चार पुस्तकं काढा, मलपृष्ठ वाचा, जागच्या जागी ठेवा. पुन्हा सांगतो, जागच्या जागी. मालक पेपरात डोकं घालून बसलेला दिसला, तरी त्याचं लक्ष तुमच्या हातांकडे असतं. पुस्तक किंमत पाहून ठेवलंत की पहिलं पान वाचून ठेवलंत, हे त्याला बसल्या जागेवरून कळतं.

आता मुख्य प्रश्न. नवशिके तो हमखास असा विचारतात : ‘काहीतरी चांगलं द्या ना.’

यावर ‘मृत्युंजय’ मिळतं. मालकाला दोष देऊ नका. डॉक्टरांना नुसतं ‘कसंतरी होतंय’ सांगितलं, की तेही आधी तापाचीच गोळी देतात. ‘मृत्युंजय’ १९६७ पासून खपतंय, वाढदिवसाला चालतं, निवृत्तीला चालतं. तेवढ्यावर समाधान असेल तर पैसे द्या आणि निघा. पुढचा मजकूर तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांनी न आवडलेल्या पुस्तकाचं नाव घ्यावं आणि का आवडलं नाही तेही सांगावं. समजा तुम्ही म्हणालात, “काका, ‘मृत्युंजय’ वाचलंय, पण कर्णाचं फारच कौतुक झालंय हो त्यात.” पेपर खाली येतो. कच्चा विक्रेता रणजित देसाईंचं ‘राधेय’ पुढे करील, कारण तुमच्या वाक्यातला फक्त कर्णच त्याच्या कानापर्यंत पोचलेला असतो. मुरलेला माणूस स्टुलावर चढून इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ काढतो. तेही १९६७ चंच. महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून काढून समोरच्या खुर्चीत बसवणारं हे पुस्तक. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. एका पुस्तकाच्या वाचकाला त्याच वर्षीचं, नेमक्या उलट स्वभावाचं पुस्तक द्यायचं, याला शिफारस म्हणतात. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं मोबाइल सांगतो, ती फार तर शिरगणती.

मागणी जितकी तिरकी, तितकं बरं. ‘प्रवासवर्णन हवंय, पण युरोप नको, तिथे आता शेजारचे जोशीही जाऊन आलेत’ असं म्हणून पाहा. ‘माझा प्रवास’ हाती पडण्याची शक्यता आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. ‘प्रेमकथा द्या, पण पातळशी’ हेही बेधडक मागा. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) त्याच मापाचं आहे : युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून सुटलेली ज्यू हेर्टा आणि मराठी चक्रधर. वाचून एका बैठकीत होतं. डोक्यातून उतरायला किती बैठका लागतील, ते मालक सांगत नाही.

मुलासाठी पुस्तक हवं असेल तर मुलाला बरोबर न्या, आणि त्यालाच बोलू द्या. इंग्रजी शाळेतल्या पोराला मराठीची गोडी लागावी म्हणून आईवडील ‘श्यामची आई’ मागतात. चांगला विक्रेता ‘हो, हो’ म्हणत ते बांधतो आणि वर भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ ठेवतो. घरी आधी कुठलं उघडलं जातं, हे त्याला ठाऊक असतं.

आता सावधगिरीचा भाग. विक्रेता संत नसतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आसपास प्रतींची, आणि त्यातलाही एखादा गठ्ठा काउंटरच्या पायाशी वर्षानुवर्षं टेकलेला असतो. ‘हे बघा ना, नवीन आहे’ म्हणताना त्याची नजर त्या गठ्ठ्याकडे गेली, तर शिफारस आणि शिल्लक यांतला फरक ओळखा. शंका आली की विचारा, “तुम्ही वाचलंय?” ‘वाचलंय, अप्रतिम आहे’ हे उत्तर संशयास्पद. ‘चाळीसेक पानं वाचली, पुढे मला झेपलं नाही, पण तुम्हाला आवडेल’ म्हणणाऱ्याला कधीही सोडू नका. गठ्ठ्यातलं पुस्तक कवितासंग्रह असेल आणि कवी दुकानातच उभा असेल, तर मुकाट्याने एक प्रत घ्या. यावर उपाय नाही.

यानंतर येते ती सर्वांत सोपी पायरी, आणि अलीकडे ती न शिकवताच येते. सुचवलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढायचा, ‘येतो पुन्हा’ म्हणायचं आणि रस्त्यावर जाऊन ऑनलाइन मागवायचं. शंभरेक रुपये वाचतात, दुकानं वाचत नाहीत. पुण्यातलं ‘मॅनीज’ हे पुस्तकांचं दुकान २०१२ मध्ये बंद झालं. टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये मुंबईत सिनेमा थिएटरातल्या एका कोपऱ्यात सुरू केलेलं ‘स्ट्रँड’ २०१८ मध्ये मिटलं. तेव्हा हळहळणाऱ्यांची गर्दी मोठी होती. त्या गर्दीतल्या किती जणांनी आदल्या वर्षी तिथून पुस्तक विकत घेतलं होतं, हे त्यांनी आपापसांत ठरवावं.

पुस्तक वाचून झालं की परत जा आणि आवडलं की नाही ते तोंडावर सांगा. ‘छान होतं’ एवढंच म्हणालात, तर पुढच्या खेपेला पुन्हा तापाची गोळी मिळेल. ‘शेवट फसलाय’ म्हणा, भांडा, मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी भांडा. दोन-तीन भांडणांनंतर मालक एखादं पुस्तक तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागतो, आणि मग या मार्गदर्शिकेची तुम्हाला गरज उरत नाही.

राहता राहिला सवलतीचा प्रश्न. ‘किती टक्के?’ हे पुस्तक आवडायच्या आधी विचारू नका. मालक जी सूट देतो, ती त्याला मिळणाऱ्या कमिशनमधूनच जाते. त्यातूनच दुकानाचं भाडं निघतं, स्टुलाचा मोडका पाय दुरुस्त होतो आणि तुमच्याशी घातलेल्या अर्ध्या तासाच्या वादाचा खर्चही भागतो. अगदीच राहवत नसेल तर लक्षात ठेवा : छापील पुस्तकावर जीएसटी नाही. तेवढी सूट सरकारने आधीच दिलेली आहे.