इंजिन बदलताना: नवशिक्यांसाठी आणि त्यांच्या मेहुण्यांसाठी

स्पीड बोटीचं आउटबोर्ड इंजिन बसलं, की गांगरून जायचं नाही. मेहुण्याला फोन लावायचा. त्याची स्वतःची बोट नसते, पण दीडशे घोड्यांच्या जागी दोनशेच हवेत, हे तो 'हॅलो'च्या आधी सांगतो. बोटीला जास्तीत जास्त किती अश्वशक्ती झेपेल, त्याची पट्टी बनवणाऱ्याने आत कुठेतरी लावलेली असते. बहुधा थंड पाण्याच्या खोक्यामागे. खोका हलवू नये.

दोनशे घोड्यांचं फोर-स्ट्रोक इंजिन दोनशे किलोंच्या वर भरतं. हा सगळा भार बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम पेलते. फायबरच्या आतलं लाकूड भिजून कुजलंय का, हे हातोडीच्या दांड्याने ठोकून कळतं. टणटणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आणखी ठोकू नये, भोक पडतं.

जुनं इंजिन घेताना वरचं झाकण बघावं, सगळे तेच बघतात. रंग चकचकीत, आकडा ठसठशीत. पाण्यात बुडून पंखा फिरवणारी गिअरकेस मात्र खाली असते, आणि वाकणं कुणाला आवडतं? अशा वेळी देवबागेतला एखादा मेस्त्री मध्ये तोंड घालतो: "वयला ऱ्हांवदे, पयला खालचा त्याल काढ." खालचा स्क्रू सैल करतो, मग वरचा, आणि खाली डबा धरतो. तेल दुधाच्या चहासारखं उतरलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय. स्क्रूच्या लोहचुंबकावर करडा, मऊ लेप असला तर तो नेहमीचाच. बोटाला टोचणारा कण लागला, तर तो गिअरच्या दाताचा. हे सगळं मालकाच्या देखत करू नये, चहा मिळत नाही.

आता गुणोत्तर. १.७५ ची गिअरकेस असेल, तर इंजिनाच्या मिनिटाला ५,६०० फेऱ्यांना पंखा ३,२०० वेळा फिरतो. २५ इंच पिचचा, म्हणजे एका फेरीत तेवढा पुढे सरकणारा पंखा असला, तर कागदावर ताशी १२२ किलोमीटर. पाण्यात तो थोडा घसरतोच. दहा टक्के सोडा, ११० उरले. गुणोत्तर २ चं निघालं, तर तोच पंखा कागदावरच १०७ वर येतो. उलट, माणसं भरलेली बोट उचलायला तेच बरं. मेहुण्याला हे सांगू नका; त्याच्या मते चार बोल्ट जुळले की गिअरकेस जुळली. शाफ्ट २० इंची की २५ इंची, हेही तो विचारणार नाही.

स्वस्तात मिळालेली गिअरकेस कधी कधी डावखुरी असते. दोन इंजिनांच्या बोटीत एक पंखा उलटा फिरवतात, त्यातली ती. तुमचा नेहमीचा उजवा पंखा तिला लावा आणि लिव्हर पुढे ढकला. जेटी मागून भराभर जवळ येते.

टोकदार नाकाची रेसिंगची गिअरकेसही दिसेल. ताशी सव्वाशेच्या आसपास साध्या बोथट नाकाभोवती बुडबुडे होतात, पंख्याची पकड एकदम सुटते आणि बोट हिसका देते. त्यावरचा हा उपाय. इंजिन वर उचलून बसवलं तरी थंड करायला पाणी मिळावं म्हणून तिची तोंडं नाकाशी, अगदी खाली असतात. कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला ही तोंडं वाळूही तितक्याच आदबीने आत घेतात. दिसायला मात्र झकास.

एव्हिनरूड स्वस्तात मिळतंय? १९०९ पासूनचं नाव आहे, इंजिनं वाईट नव्हती. मालक कंपनीने २०२० मध्ये ती बनवणं थांबवलं. पार्ट्सचं मेहुणा बघेल.

ट्रायलला त्यालाच न्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४,७०० च्या वर चढेना, तर पंखा जड आहे. पिच एक इंच कमी केलं की साधारण दोनशे फेऱ्या वाढतात. २१ चा मागवा. २५ चा मेहुण्याला देऊन टाका. बोट नसली तरी आता त्याच्याकडे पंखा आहे.