सोळाच मात्रा

तुमच्या सोसायटीतही हे गृहस्थ आहेत. नाव वेगळं असेल, पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या पाडव्याला तबला-डग्ग्याची जोडी घरी आणणारा आणि पुढची एकादशी उजाडेपर्यंत ‘एकट्यानं वाजवण्यात मजा नाही हो’ असं म्हणू लागणारा माणूस आता प्रत्येक इमारतीला पाण्याच्या टाकीसारखा मंजूर नकाशातच मिळतो. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीला आप्पा मिळाले.

आप्पांचा तबला वाईट आहे, ही आमची तक्रार नाहीच. नवशिक्याचा तबला वाईटच असायचा. भिंतीपलीकडून रोज सकाळी येणारं ‘धा धा तिट धा धा तू ना’ आम्ही नळाच्या पाण्याच्या वेळेइतकंच पत्करलं आहे. तक्रार आहे ती आप्पांच्या शोधाची. त्यांना लेहरा हवा असतो. तो धरायला माणूस हवा असतो. आणि असा माणूस जिन्यात, लिफ्टमध्ये, दूध घेताना, कुठेही सापडू शकतो अशी त्यांची खात्री असते. सापडला की खांद्यावर हात पडतो आणि कानाशी आर्जव येतं, “फक्त सोळाच मात्रा धरा हो. जास्त नाही.”

ज्यांना अजून आप्पांनी गाठलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताल जेवढ्या मात्रांचा, तेवढ्याच लांबीची एक सुरावट पेटीवर किंवा सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, म्हणजे लेहरा. तबलेवाल्यानं त्यावर आपले कायदे, रेले, तुकडे मांडायचे. लेहरेवाल्यानं हरकत घ्यायची नाही, लय सोडायची नाही. तीनताल असेल तर मात्रा सोळा; पहिलीवर, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली. सोळावी संपली की पुन्हा पहिली, म्हणजे सम. आप्पांच्या ‘सोळाच’मधली लबाडी इथे आहे. लेहऱ्याला सतरावी मात्रा नसते, त्यामुळे उठायचं कधी हे लेहरेवाल्याला कुणीच सांगत नाही.

पहिला बळी चौथ्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा. त्याच्याकडे कॅसिओ होता, हा त्याचा गुन्हा. क्लासला निघालेल्या पोराला आप्पांनी सोळा मात्रांसाठी आत घेतलं, आणि पोराची आई जेव्हा शोधत आली तेव्हा ते डोळे मिटून एकाच ओळीवर बोटं फिरवत होतं. नंतर पुष्कळ दिवस ते जेवतानाही तीच ओळ गुणगुणत असे.

गॅस सिलिंडर आणणाऱ्या पोऱ्यालाही सुटका नव्हती. “प्रत्येक पायरीवर आपटतोसच ना? मग मोजून आपट. सोळाव्या पायरीनंतर जोरात.” आमच्या जिन्याला मजल्यागणिक अठरा पायऱ्या आहेत. पोऱ्या आता एजन्सीत सांगून दुसऱ्या गल्लीत डिलिव्हरी करतो.

मग आप्पांना लोकलमधली भजनी मंडळं आठवली. निवृत्त माणूस, कामधंदा नाही, तरी सकाळच्या फास्ट लोकलनं मुंबईला जाऊ लागले. डब्याच्या पत्र्यावर हात मारणाऱ्या त्या मंडळींची लय पक्की असते. रोज उभ्यानं प्रवास करून ती हाडात मुरलेली असते. त्यांनी आप्पांना प्रेमानं सामावून घेतलं. आप्पांनी मात्र मधेच त्यांना थांबवून सांगितलं, “तुम्ही आठ मात्रांत गाताय. मला सोळा हव्या आहेत.” त्यावर मंडळाच्या बुवांनी, आवर्तन दोनदा म्हटलं की सोळा होतात, हे गणित समजावलं आणि ठाण्याला त्यांना उतरवून दिलं.

गणपतीत आरतीवर प्रयोग झाला. आरतीची लय ही स्वतंत्र गोष्ट आहे. ती ज्या वेगानं सुरू होते त्या वेगानं कधीही संपत नाही, कारण झांजा मुलांच्या हातात असतात आणि मुलांचं लक्ष मोदकांवर असतं. आप्पा विलंबित धरून बसले, आरती द्रुतात पुढे निघून गेली. मंत्रपुष्पांजली संपून प्रसाद वाटला गेला तेव्हा आप्पा अजून दुसऱ्या आरतीच्या खालीवर होते.

बारशाला तर कहर केला. झाकीर हुसेन जन्मले तेव्हा अल्लारखाँनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, ही कथा आप्पांना ठाऊक. आत्यानं नाव सांगून ‘कुर्र’ केलं आणि कुणाला कळायच्या आत आप्पांनी पाळण्यात वाकून तीनतालाचा ठेका सुरू केला. बाळानं खालीपर्यंत ऐकून घेतलं आणि मग जो सूर लावला तो आटपेना. “बघा,” आप्पा म्हणाले, “लेहरा धरलाय.”

कुणी फार कुरकुर केली तर आप्पा उसासा टाकून म्हणत, “थिरकवाँसाहेबांना बालगंधर्व मिळाले. मला कोण मिळालं? तुम्ही!” यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नसे.

पेटी वाजवणारे एक निवृत्त बँक अधिकारी शेजारच्या इमारतीत निघाले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पण हे गृहस्थ मूळचे एकलवादक. पहिलं आवर्तन सरळ, दुसऱ्यात मुरकी, तिसऱ्यात तान, आणि थोड्याच वेळात चक्क नाट्यपद सुरू. आप्पा डग्ग्यावर हनुवटी टेकून मुकाट ऐकत बसले. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे त्याच सुमाराला आमच्या सेक्रेटरींना कुठूनतरी कळलं. तेव्हापासून ते सोसायटीच्या उपविधींत तशी तरतूद शोधताहेत.

माणसं संपली तेव्हा यंत्रं आली. पहिलं घेतलं ते इलेक्ट्रॉनिक तबल्याचं, म्हणजे तबल्याला साथ तबल्याचीच. दोघांत यंत्र अधिक चांगलं वाजवायचं, म्हणून ते कपाटात गेलं. मग मेट्रोनोम. मेल्झेल नावाच्या गृहस्थानं 1815 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते टिकटिक करत आहे. “टिक ऐकू येते, पण ही कितवी टिक हे कोण सांगणार?” हा आप्पांचा आक्षेप, आणि कबूल करायला जड जातं, पण तो बिनतोड आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजायला सारख्याच. त्यांतली सम कुठली हे सुरावटीच्या चढउतारावरून कळतं. एवढ्यासाठीच तर लेहरा लागतो.

शेवटी नातीनं मोबाइलवर लेहऱ्याचं ॲप घालून दिलं. चंद्रकंसाचा लेहरा, सारंगीवर, हव्या त्या पट्टीत, हव्या त्या लयीत. आम्हाला वाटलं, सुटलो. पण जुलै महिना होता. पावसाळी हवेत पुडी उतरते. मोबाइल काळी एकमध्ये, तबला त्याच्या खाली कुठेतरी. आप्पा हातोडीनं गठ्ठे ठोकत राहिले, आणि ती ठोकाठोकी त्यांच्या वादनापेक्षा लयीत होती. तबला एकदाचा लागला तेव्हा खरी अडचण कळली. यंत्र थांबत नाही. तेराव्या मात्रेवर आप्पांचं बोट तिरकिटात अडकायचं, तोवर सारंगी समेवर जाऊन पुढे निघालेली असायची. “माणुसकी नाही त्याला,” आप्पा म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांना हवा होता तो लेहरा निराळाच होता. ते जिथे पडतील तिथे सम यावी, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. आणि ती गैर म्हणायची तरी कशी? ज्या खात्यात ते अधिकारी होते तिथे बैठक अकराची असली तरी साहेब येतील तेव्हाच अकरा वाजायचे. साहेब चुकीच्या पानावर सही करायचे, खालची मंडळी पानच बदलायची. साहेबांचा विनोद संपण्याआधी हसू सुरू व्हायचं. सगळी हयात लोकांनी त्यांच्यासाठी सम उचलून पुढे-मागे ठेवली आणि निरोपाच्या समारंभाला शाल-श्रीफळ देऊन ती परत नेली. आपल्याकडे निवृत्त साहेब तबला, ज्योतिष नाहीतर सोसायटीची कमिटी धरतात त्याचं कारण हेच असावं.

घरी मात्र ही सोय चालू होती. एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. बाहेर आप्पांचा कायदा, आत वहिनी कणीक मळता मळता तोच चंद्रकंस गुणगुणत होत्या. आप्पा नेहमीप्रमाणे तेराव्या मात्रेवर अडकले आणि वहिनींचा सूर किंचित लांबला. आप्पा आले, तेव्हाच सम आली. आप्पांनी मान डोलावली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं, “वहिनी, चौदावी मात्रा जरा लांबली का?”

“चाळीस वर्षं लांबवतेय,” वहिनी म्हणाल्या, “आता हात पिठात असले तरी जमतं.”

लग्नाआधी त्यांनी गांधर्वच्या पेटीच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या होत्या. पेटी माळ्यावर होती. आप्पांनी लेहऱ्यासाठी गॅसवाल्याला विचारलं होतं, त्यांना विचारलं नव्हतं.

आप्पा तबला शिकायला ज्या क्लासला जात, तिथल्या मुलांची प्रवेशिका परीक्षा पुढे जवळ आली आणि लेहरा धरणारे गुरुजी आजारी पडले. क्लासच्या सरांना कुणीतरी वहिनींचं नाव सुचवलं. पेटी माळ्यावरून उतरली, भाता दुरुस्त झाला, आणि वहिनींनी एकामागून एक पोरांना लेहरा धरला. एक मात्राही लांबली नाही. चुकलेल्या पोरांना पुढच्या समेपर्यंत थांबावं लागलं. आप्पा कोपऱ्यात बसून बघत होते. घरी आल्यावर विचारते झाले, “मुलांना जराही सांभाळून घेतलं नाहीस?”

“सांभाळलं तर शिकतील कशी?”

“मग मला कशी सांभाळतेस?”

“तुम्ही शिकताय होय? मला वाटलं, वाजवताय.”

दुसऱ्या दिवसापासून वहिनी सरळ लेहरा धरू लागल्या. आप्पा रोज पडू लागले. आम्ही पैजा लावल्या होत्या की जोडी आठवड्याच्या आत विकली जाईल. पण हा माणूस हट्टी निघाला. सर पहिल्या दिवसापासून सांगत होते, की साथ शोधू नका, तोंडानं बोल म्हणा आणि हातानं टाळी द्या, पढंत ही फुकटची साथ आहे. ते आप्पांनी आता ऐकलं. बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून जिन्यात टाळ्या देताना ते दिसू लागले. लय निम्म्यावर आणली. बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या आल्या. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून आवर्तन आलं ते थेट समेवर उतरलं. मीही दाढी करता करता थांबलो. पुढच्याच क्षणाला तबला बंद झाला आणि दाराची घंटा वाजली. दारात आप्पा, घामाघूम. “ऐकलंत?” एवढंच विचारून ते वरच्या मजल्यावर सांगायला धावले. आत वहिनींचा लेहरा चालूच होता. मला हसूही आलं आणि, छापू नये पण छापतो, आप्पांविषयी आदरही वाटला. साठी उलटल्यावर पुन्हा चूक ठरायला बसणं सोपं नसतं.

आप्पांचा तबला अजून फारसा सुधारलेला नाही. मात्र परीक्षांच्या दिवसांत वहिनींना आता कल्याणपासून मुलुंडपर्यंत बोलावणी येतात, आणि पेटी उचलून आप्पा बरोबर जातात. तुमच्या मुलाला लेहरा हवा असेल तर जरूर कळवा. पेटी जड आहे, आप्पांना लिफ्ट असलेला पत्ता द्या, ते ‘फक्त सोळाच मात्रा मीही वाजवतो’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा, आणि मानधनाचं पाकीट वहिनींच्याच हातात द्या.