मुद्दा क्रमांक दहा यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय मुद्दा क्रमांक दहा,
कलम 4 (1) (ख), माहितीचा अधिकार अधिनियम, 2005

विषय : खांबावरचा माणूस तक्त्यात घेणेबाबत.

महोदय,

सतरा भावंडांत आपण दहावे. सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांचा महिन्याचा पगार कुणी न मागता चव्हाट्यावर मांडायचा, हे आपले काम. त्यामुळे आम्हा ओझरकरांचा आपल्यावर भारी जीव. तशी आम्हाला या कलेत आधीपासून गती आहे. 1964 मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून 'एचएएल'मधल्या मुलाचा पगार ओव्हरटाइमसकट मुलीच्या मामाला पाठ असतो.

वीजवाल्यांचा पगार मात्र आपल्याकडूनच कळतो. 6 जून 2005 ला वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण वेगळे झाले आणि नऊच दिवसांनी राष्ट्रपतींची सही होऊन आपला कायदा जन्माला आला. तेव्हापासून वाढीव बिल हातात पडले की आम्ही आपला तक्ता उघडतो. "एवढा पगार, आणि लाइट गेल्यावर फोन उचलत नाहीत!" हे म्हणण्यातले सुख काय वर्णावे! 2023 च्या जाहिरातीत 5,347 विद्युत सहाय्यकांचे मानधन छापले होते : पहिल्या वर्षी महिना 15,000, मग 16,000, मग 17,000. ते वाचून मात्र चहाच्या टपरीवर कुणी काही बोलले नाही.

आता मूळ मुद्दा. वळवाच्या पावसात द्राक्षबागेकडचा डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, पडतो. लाइन बंद ठेवण्याचे परमिट घेतले जाते आणि चिखल तुडवत, हातात काठी घेऊन एक पोरगा येतो. अनेकदा तो आपल्या तक्त्यात नसतो, कारण तो कंत्राटी. खांब कंपनीचा, तार कंपनीची, शॉक तेवढा एजन्सीचा.

त्याचा आकडा कंपनीला ठाऊक नसतो, असे कृपया म्हणू नये. कंत्राटदार पगार वाटत असताना मूळ मालकाचा प्रतिनिधी समोर हजर हवा आणि दिलेल्या रकमेवर त्याने सही करायला हवी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिले होते. म्हणजे आकडा होता, सहीही होती. नव्हता तो फक्त आपला रकाना.

नावगाव नको, खासगीपणाचा मान आम्हीही राखतो. तीनच रकाने वाढवा : कंत्राटी माणसे किती, एजन्सीला माणशी किती दिले, त्याच्या खात्यावर किती पडले. दुसऱ्यातून तिसरा वजा करण्याचे काम आम्ही टपरीवर फुकटात करू.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक ओझरकर

ता. क. : दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट सोबत जोडले आहे. आपली माहिती न मागता मिळायची असते, हे ठाऊक आहे. पण रिवाज मोडायला नको.