बॉनेटखालचा पसारा

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. बॉनेटच्या आत मात्र कुणी डोकावत नाही. ते उघडायचं ते गाडी बंद पडल्यावर, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे चालू गाडीचं बॉनेट उघडून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहिलेला माणूस कुणाच्या पचनी पडत नाही.

"काय, बंद पडली?"

"नाही, आवरतोय."

"बॅटरी बघा. बॅटरीच असणार."

दुसरे म्हणाले, प्लग. तिसऱ्यांनी काही न बोलता वाकून ऑइलची पट्टी ओढून काढली, बोटाने पुसली, बोट माझ्या फडक्याला पुसलं आणि मान हलवून निघून गेले. त्या मानेने मला रात्री झोप लागू दिली नाही.

गाडी म्हणजे सेकंडहँड मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, इवलंसं. मग बाकीची जागा कशाने भरली होती? आधीच्या मालकांच्या हौसेने! फॉग लॅम्प केव्हाच गेले होते, त्यांच्या वायरी होत्या. मांजर जवळून गेलं तरी केकाटणारा चोर-अलार्म कुणीतरी वैतागून तोडला होता. त्याचा भोंगा मुका होऊन तिथेच बसलेला. सगळ्यावर काळी इन्सुलेशन टेप, उन्हाळ्यात पाघळलेली, हात लावला की बोटांना चिकटणारी.

बॅटरीपाशी उंदराचं बिऱ्हाड होतं. वाळकी पानं, शेंगांची टरफलं, पोळीचा तुकडा, लहान मुलाचा एक मोजा. उंदीर येऊ नये म्हणून कुणीतरी तंबाखूची पुडी बांधून ठेवली होती. ती कुरतडलेली होती. त्यानंतर उंदराचं काय झालं, मला माहीत नाही. बहुधा सोडायचा प्रयत्न करत असेल.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी फुलली होती. त्यावर खायच्या सोड्याचं पाणी ओतलं की ती फसफसून निघते. हे शास्त्रशुद्ध आहे. सोडा स्वयंपाकघरातून न विचारता आणणं शास्त्रशुद्ध नाही.

"अहो, ढोकळ्याचा सोडा कुठंय?"

"बॅटरीला लागला."

"आणि माळा कधीपासून आवरायचाय, तो?"

यावर उत्तर नसतं. मी टर्मिनल कोरडं करून व्हॅसलीन चोपडत राहिलो.

आमच्या मिस्त्रींना हा उद्योग अजिबात पसंत नव्हता. "साहेब, चालतीये ना? मग कशाला हात लावताय?" हे तत्त्वज्ञान मला अर्धंच पटतं. चिखल आणि तेलाचा थर निघाल्यावर रेडिएटरच्या पाइपाला क्लिपपाशी पडलेली चीर दिसली. थर तसाच राहिला असता तर ती घाटात, उकळत्या पाण्यासकटच दिसली असती. मिस्त्रींनी पाइप बदलला आणि "मी म्हणतच होतो" असं म्हणाले.

तेव्हा हौस असेल तर जरूर आवरा. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, अल्टरनेटरवर पाण्याचा फवारा मारू नका. आणि कुठे जाते ते कळल्याशिवाय एकही वायर कापू नका. ती हॉर्नची निघाली, तर पुण्यात गाडी चालवता यायची नाही.