करायला गेलो हत्ती

निवृत्तीनंतर माणसाने छिन्नी-हातोडा हाती घ्यावा, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. तरीही ज्यांना घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. लेखकाला तीन वर्षांचा आणि सात प्राण्यांचा अनुभव आहे. त्यांपैकी दोन ओळखू येतात.

आधी दगड. महाराष्ट्रात काळा पाषाण पावलोपावली पडलेला दिसतो आणि नवशिक्या मोहात पडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा बसाल्ट. त्याला कसलीच घाई नाही. पहिल्या रविवारी आम्ही आठ ते बारा टाकी चालवली. चिमूटभर भुगा निघाला, टाकीचे टोक मोडले आणि खालच्या मजल्यावरचे बोलणे बंद झाले. म्हणून सुरुवात शंखजिऱ्याने करावी. त्यावर नखाचासुद्धा ओरखडा उठतो, करवत आणि कानस एवढ्यावर काम भागते. कोकणातल्या हौशी मंडळींनी जांभ्याच्या वाटेला जाऊ नये. जांभ्याचे घर उत्तम होते, पण ससा केला तर त्याला देवी येऊन गेल्यासारख्या दिसतात.

दगड घेताना हातोडीने हलकेच वाजवून पाहावा. खणखणीत बोलला तर उचलावा. फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला तर आत चीर आहे, मग विकणारा काहीही सांगो. टाकी तिरकी धरावी. उभा घाव दगडाला मुका मार देतो. तो तेव्हा दिसत नाही, पॉलिश केल्यावर नेमका प्राण्याच्या नाकावर पांढरा डाग होऊन उमटतो.

दगड सतत ओला ठेवावा, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क लावावा. या लेखात गांभीर्याने घेण्यासारखे एवढेच आहे. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की बसली. खाणीत राबणारे पोटासाठी तो रोग सोसतात. आपण हौसेसाठी ओढवून घेऊ नये.

आता प्राणी. कान, शिंगे, शेपूट, सोंड यांपैकी बाहेर काय काय येते ते मोजावे, कारण जे बाहेर येते ते तुटते. सोंड पायाला चिकटलेलीच ठेवावी, शेपूट मांडीवर टेकवावी, आणि शक्यतो प्राण्याला बसवावे. उभ्या प्राण्याला चार पाय लागतात आणि ते एकाच वेळी शिल्लक राहावे लागतात. ही अडचण फक्त तुमची-आमची नाही. आठव्या शतकात वेरूळला अख्खा डोंगर कळसापासून खाली कोरत नेऊन कैलास लेणे काढले, तिथल्या अंगणातल्या हत्तीचीही सोंड आज जागेवर नाही. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्ती १८६४ साली साहेब विलायतेला न्यायला निघाले आणि उचलतानाच त्याचे तुकडे झाले. ते सांधून तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. तेव्हा आपला हत्ती माळ्यावरून पडल्यास खचून जाऊ नये, चांगला डिंक आणावा.

सर्वांत महत्त्वाचे, काम संपेपर्यंत प्राण्याचे नाव जाहीर करू नये. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण ज्याने पाडली त्याने आधीच चारचौघांत गणपती सांगून ठेवला असणार. आमचा घोडा मागचा पाय गेल्यावर बसलेला बैल झाला, शिंग गेल्यावर गाढव झाला, कान गेल्यावर कासव. कासवाच्या खाली फक्त वरवंटा. सिंह बिघडला तर त्याला शरभ म्हणावे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो कोरलेला आहे आणि जिवंत कोणी पाहिलेला नाही. चूक काढणार कोण? नंदी पुरताच फसला तर खिद्रापूरचा दाखला द्यावा. तिथे कोपेश्वरासमोर नंदी नाहीच.

घरच्यांचे मत विचारू नये. आमच्या सौभाग्यवतींनी हत्तीकडे पाहून, “डुक्कर मात्र हुबेहूब जमलंय हो,” असे मनापासून कौतुक केले. तेव्हापासून ते डुक्करच आहे.

पहिल्या रविवारचा तो काळा दगड अजून गच्चीत आहे. वजन अंदाजे चाळीस किलो, एका बाजूला चिमूटभर खड्डा. कुणाला हवा असल्यास विनामूल्य न्यावा. मजला चौथा, लिफ्ट बंद आहे.