बोलू नका, शिकवा

आमच्या घराण्यात गप्प बसण्याची परंपरा नाही. आजोबा कीर्तनकार, वडील शाळामास्तर, आणि मी बँकेत असताना पासबुक छापायला आलेल्या माणसाला व्याजदर का उतरले ते थेट रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेपासून सांगायचो. मागची रांग दाराबाहेर जायची, मॅनेजर काचेच्या केबिनमधून हातवारे करायचे, पण अर्धवट माहिती देऊन माणसाला घरी पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पुढे बँकेनेच स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ती माझ्याकडे बघूनच आणली असावी असं आमच्या हिला अजून वाटतं.

तर आता करायचं काय? घरात सर्वानुमते असं ठरलं, की बोलण्याचे पैसे मिळतील असं काहीतरी करावं. इंग्रजी आपलं उत्तम आहे अशी माझी पक्की समजूत होती. मराठी शाळेत एबीसीडीची ओळख पाचवीत झाली खरी, पण पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिन अशा दोन्ही वाऱ्या केलेल्या, आणि नंतर सगळी नोकरी हेड ऑफिसला 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' लिहिण्यात गेलेली. मुलीने शोधाशोध करून केंब्रिजच्या 'सेल्टा' नावाच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला. ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांना ती कशी शिकवायची, याचं हे प्रमाणपत्र. किमान 120 तासांचं प्रशिक्षण, त्यात 6 तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं, 6 तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, वर 4 लेखी प्रकल्प, आणि पूर्णवेळ केलं तर हे सगळं साधारण महिनाभरात. लंडनला करावं तर फंडाचे पैसे तिथल्या खोलीभाड्यातच निवृत्त झाले असते, म्हणून व्हिएतनाममधलं हनोई निवडलं. ही म्हणाली, "जा खुशाल. महिनाभर मलाही स्वेच्छानिवृत्ती मिळेल."

हनोईत दुचाक्या फार, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी हसलो. कोथरूडच्या माणसाला दुचाक्यांची भीती घालता? कर्वे रस्ता ओलांडायचं माझं तंत्र वर्षानुवर्षं घोटलेलं आहे: हात वर करायचा, दोन पावलं पळायचं, मधेच थबकून समोरच्याला "दिसत नाही का?" असं विचारायचं आणि त्याचं उत्तर यायच्या आत उरलेलं अंतर कापायचं. हनोईचं शास्त्र नेमकं उलटं. तिथे संथ, एका लयीत चालत राहायचं, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. तुमचा वेग ओळखून दुचाक्या आपोआप तुमच्या मागून-पुढून निघून जातात. मी नेहमीप्रमाणे पळालो आणि थबकलो. त्यासरशी चारी दिशांच्या स्वारांचे हिशेब चुकले, पाण्याचे निळे जार बांधलेला एक जण माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला, आणि "दिसत नाही का?" हे मराठीतून विचारण्याचा काही उपयोग नाही हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. शेवटी शंकूच्या आकाराची टोपी घातलेल्या, खांद्यावर फळांची कावड घेतलेल्या एका आजीबाईंनी माझं कोपर धरलं आणि कुठेही न बघता मला पलीकडे नेलं. तिथे कावड खाली ठेवून त्यांनी मला किलोभर पेरू विकले. नाही म्हणायच्या परिस्थितीत मी नव्हतो. पेरू हातात आल्यावर लक्षात आलं, आमचा वर्ग अलीकडच्याच बाजूला होता.

तिथल्या पाट्यांनी मला आणखी फसवलं. लिपी रोमन, त्यामुळे सगळं वाचता येईलसं वाटतं; वाचून दाखवलं की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही, कारण अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी जी चिन्हं असतात त्यांतली बरीचशी सजावट नसून सूर असतात आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. ही लिपी रुळवण्यात ज्यांचा हात होता त्यांत आलेक्सांद्र द रोद नावाचा एक जेझुइट पाद्री होता. त्याचा व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. हा गृहस्थ पूर्वेकडे जाण्याआधी गोव्यात राहिला होता हे वाचून मला उगाच जवळचं वाटलं. त्याला इतके सूर ऐकू आले आणि मला एकही नाही, यात गोव्याच्या हवेचा वाटा असणार.

जेवणाचं मात्र बरं चाललं. मी शाकाहारी, अंडं चालतं, आणि तिकडे माशाच्या पाण्याचा तो 'न्युओक माम' पालेभाजीतसुद्धा डोकावतो. पण आमच्या घरमालकीणबाई बौद्ध. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला त्या स्वतः शाकाहार पाळायच्या. म्हणजे प्रतिपदा आणि पौर्णिमा! मी कालनिर्णय सोबत नेलं होतं, ते फोनवर बायकोच्या सूचना ऐकताना चाळायला. त्याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. त्या दोन दिवशी लसणाची फोडणी दिलेली पाणपालकाची भाजी आणि टोमॅटोच्या रश्शातलं टोफू मनसोक्त खायचं, आणि मधल्या दिवसांत मेतकूट-भात. बाईंनी पहिल्याच भेटीत माझं वय विचारलं. मला राग येणार होता, पण तिकडे वय कळल्याशिवाय समोरच्याला दादा म्हणायचं, काका म्हणायचं की आजोबा, हे ठरत नाही. म्हणजे वाक्यच सुरू करता येत नाही. मी वय सांगितलं. बाईंनी काका वगळून थेट पुढची पायरी गाठली.

आता वर्गाकडे येतो. आमच्या प्रशिक्षक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली: टी टी टी. टीचर टॉकिंग टाइम. म्हणजे शिक्षकाच्या बोलण्याचा वेळ. तो जितका कमी, तितका तास चांगला, बोलायचं विद्यार्थ्यांनी. मी आजूबाजूला पाहिलं. बाकीचे शांतपणे हे लिहून घेत होते. फंडाचे पैसे भरून, समुद्र ओलांडून मी जिथे आलो होतो, तिथे मला गप्प बसायला शिकवणार होते.

दुसरा नियम त्याहून जीवघेणा. वर्गाला 'डू यू अंडरस्टँड?' असं विचारायचंच नाही! का, तर त्याचं उत्तर सगळे नेहमी 'येस' असंच देतात. अहो, पण आपली सगळी शिक्षणव्यवस्था 'समजलं का?' आणि 'हो सर' या दोन खांबांवर उभी आहे. त्याऐवजी छोटे छोटे प्रश्न विचारून विद्यार्थ्याला खरोखर कळलंय का ते तपासायचं. माझ्या पहिल्या तासाला मी हे कसोशीने पाळलं, पण नियम आठवायच्या गडबडीत तोंडातून "ओके, ना?" असं निघत राहिलं. त्यात मी वाक्यं घोकून घेत होतो. शिक्षकाने वाक्य म्हणायचं, वर्गाने जसंच्या तसं म्हणायचं, अशी ती पद्धत. व्हिएतनामी विद्यार्थी मोठे आज्ञाधारक. मी म्हणालो, "शी इज अ व्हेरी गुड डॉक्टर. ओके, ना?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "शी इज अ व्हेरी गुड डॉक्टर. ओके, ना?" आणि सगळ्यांनी मान डावीकडून उजवीकडे हलवली. पुढच्या बाकावरच्या आजींनी तर शेवटी माझ्याप्रमाणे नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवला. त्यांना चष्मा नव्हता.

तास संपला की सहकाऱ्यांनी अभिप्राय द्यायचा असतो, आणि तोही आधी चांगलं सांगून. सहकारी बराच वेळ विचार करत बसले. मग एक जण म्हणाली, "युवर शर्ट वॉज व्हेरी नीट."

आमच्यात मँचेस्टरकडचा एक पोरगा होता. जन्माने इंग्रज, पण प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काय हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे येऊन बसायचा. मी नॅपकिनवर रेघा मारून त्याला समजावलं, की क्रिया कधी घडली ते नक्की सांगितलं असेल, म्हणजे काल, गेल्या आठवड्यात वगैरे, तर तिथे 'हॅव' चालत नाही. रेन अँड मार्टिनचं प्रकरणच्या प्रकरण मी त्याच्यावर रिकामं केलं. त्याचं सूप गार झालं. दुपारी माझा तास. मी झोकात फळ्यावर लिहिलं, 'आय हॅव कम टु हनोई लास्ट मंथ.' मागच्या बाकावरून पोरगा कपाळाला आठ्या घालून बघत होता. नंतर अवघडून म्हणाला, त्या वाक्यात काहीतरी विचित्र वाटलं, काय ते सांगता येत नाही. मला सांगता येत होतं. मीच त्याला जेवताना सांगितलं होतं.

शिवाय कागद कापणं. या शिक्षणपद्धतीत पुस्तकापेक्षा कात्रीचा वापर जास्त. वाक्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि विद्यार्थ्यांनी जुळवायच्या. मी रात्री उशिरापर्यंत बसून दोन खेळांच्या चिठ्ठ्या कापल्या. एका खेळात एका आजीबाईंचं जीवनचरित्र, दुसऱ्यात अंडी उकडण्याची कृती. हनोईचा उकाडा म्हणजे घामाने कागद बोटांना चिकटतो. पंखा लावला मात्र, दोन्ही खेळ अक्षतांसारखे खोलीभर उधळले गेले. पहाटेपर्यंत मी ते अंदाजाने वेगळे केले. दुसऱ्या दिवशी वर्गाने मोठ्या मनोभावे वाचलं, की आजीबाई एका छोट्या खेड्यात जन्मल्या, त्यांनी लग्न केलं, त्यांना बारा मिनिटं उकळलं आणि मग त्या गार पाण्यात राहायला गेल्या. "ओके, ना?" असं वर्गानेच मला विचारलं.

शेवटाकडे प्रशिक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की चाळीस मिनिटांच्या तासात तुम्ही विद्यार्थ्यांसाठी काही शिल्लकच ठेवत नाही. पुढच्या तासाला गप्प राहा. विषय तोच, प्रेझेंट परफेक्ट. हा प्रकार त्या मुलांना अवघड जातो, कारण त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, शिवाय इंग्रजी शब्दाच्या शेवटची व्यंजनं ती हमखास गिळतात. 'हॅज'चा शेवट मी घोकून घेता घेता थकलो होतो. तर मी एक चित्र फळ्यावर लावलं, दोन वाक्यांत काय करायचं ते सांगितलं, आणि खुर्चीत बसून ओठ घट्ट मिटले. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी फळ्याकडे बोट केलं. चित्राकडे कुणी बघेना. सर बोलत नाहीत, म्हणजे काहीतरी घडलं असणार! हळूहळू कुजबुज सुरू झाली, आणि वर्गात व्हिएतनामी बोलायचं नाही हा नियम मीच घातलेला असल्यामुळे ती इंग्रजीत सुरू झाली. "मेबी ही हॅज लॉस्ट हिज मनी." "नो, नो. ही हॅज नॉट ईटन." मग पुढच्या बाकावरच्या आजी ठामपणे म्हणाल्या, "हिज वाइफ हॅज लेफ्ट हिम." 'हॅज' अगदी स्वच्छ, शेवटच्या व्यंजनासकट. सगळा वर्ग हळहळला. मला खुलासा करायचा होता, पण मागे बाई घड्याळ लावून बसलेल्या. तास संपेपर्यंत माझ्या संसाराची प्रेझेंट परफेक्टमध्ये पार वासलात लागली. एका मुलाने सुट्टीत माझ्यासाठी उसाचा रस आणला आणि माझा खांदा थोपटला. बाईंनी अहवालात लिहिलं, की या तासात विद्यार्थ्यांनी शिकवलेली रचना स्वतःहून आणि खऱ्या गरजेपोटी वापरली.

रात्री फोनवर सगळं हिला सांगितलं. आजींचं वाक्यही सांगितलं. ती म्हणाली, "व्याकरण बरोबर आहे त्यांचं."

सेल्टात पास होण्याचे तीन प्रकार असतात: पास ए, पास बी आणि नुसता पास. मी नुसता पास. नोकरीच्या जाहिराती बघितल्या तर बहुतेकांना 'नेटिव्ह स्पीकर' हवा होता. मँचेस्टरच्या पोराला आठवडाभरात काम मिळालं. प्रेझेंट परफेक्टची माझी नॅपकिनं तो घेऊन गेला. मी मेतकुटाची रिकामी बरणी घेऊन परत आलो.

तर मंडळी, सध्या दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या कोथरूडच्या घरी मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. फी नाही, चहा आहे. सोसायटीतल्या पाच-सहा आजी-आजोबांना अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलायचं असतं, ते येतात. तुमच्या घरी कुणी असेल तर जरूर पाठवा. मी फार बोलत नाही, कारण ही स्वयंपाकघराच्या दारात घड्याळ घेऊन उभी असते. फक्त व्ही आणि डब्ल्यूचे उच्चार तेवढे दुसरीकडे शिकून या.