अर्थ लूज आहे!

सेंट्रल लॉक बिघडलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसली, की अर्थवाले काका न बोलावता हजर होतात. वय साठीच्या पुढे, खिशात टेस्टर. नोकरी वीज मंडळात किंवा टेलिफोन खात्यात झालेली, त्यामुळे जगातल्या यच्चयावत वायरींवर आपला वडिलोपार्जित हक्क आहे अशी पक्की समजूत. गाडीमालकाने तक्रार सांगायला तोंड उघडेपर्यंत निदान होऊन गेलेले असते : "अर्थ लूज आहे."

खरे तर आधी एवढेच पाहायचे असते, की बंद नेमके काय पडले आहे. चारही दारे मुकी असतील, तर बॅटरी, फ्यूज, रिले आणि त्यांचे वायरिंग. एकच दार अडून बसले असेल, तर त्या दाराची मोटर किंवा तिच्याकडे जाणारी वायर. आतल्या बटणाने दारे लागतात पण रिमोटने लागत नाहीत, तर रिमोटमधला बटणासारखा सेल बदलून पाहावा. असली चौकशी काकांना कमीपणाची वाटते. सेल संपलेल्या रिमोटमुळेही त्यांनी बॉनेट उघडायला लावून अर्थ तपासलेला आहे. सेल बदलल्यावर लॉक चालू झाले, तेव्हा "आता तात्पुरतं चालेल" असे म्हणून ते जिन्याकडे वळले.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. काकांचा चष्मा घरी असतो. ते एकेक फ्यूज उपटून उजेडात धरतात आणि अंदाजाने परत खोचतात. दुसऱ्या दिवशी लॉक तसेच, शिवाय हॉर्न बंद. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून कधी होत नाही. १५ अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून ते तिथे ३०चा बसवत नाहीत. तसे केले तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. हा उद्योग करणारे महाभाग वेगळे, आणि ते बहुधा गाडीचे मालकच असतात.

खरी पंचाईत दारात होते. कुलपाच्या मोटरला साधारणपणे दोन वायरी असतात. वीज एका दिशेने गेली की दार लागते, उलट दिशेने गेली की उघडते. मोटरला स्वतःचा वेगळा अर्थ नसतो. तो आळीपाळीने रिलेमधून मिळतो. म्हणून टेस्ट लॅम्प त्या दोन वायरींच्या मध्ये लावायचा आणि कोणीतरी बटण दाबायचे. दिवा क्षणभर लुकलुकला तर वीज येते आहे, दोष मोटरचा. काका लॅम्पचे एक टोक दाराच्या पत्र्याला टेकवतात, कारण पत्रा म्हणजे अर्थ. दिवा एकदा लागतो, एकदा लागत नाही, आणि जे सिद्ध करायचे होते ते सिद्ध होते.

मोटरपर्यंत पोचायला दाराचे पॅड काढावे लागते. हँडलच्या खोबणीतला लपलेला स्क्रू काका विसरतात आणि पॅड ओढतात. क्लिपा तुटतात, उरतात. उरलेल्या क्लिपांची त्यांच्याकडे एक बरणी आहे. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला असेल आणि दाराच्या तळाची भोके चिखलाने बुजलेली असतील, तर पावसाचे पाणी आत साचून कनेक्टर हिरवा पडतो. काका ती भोके काडीने मोकळी करतात, कागद चिकटवतात. हे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कोणी करताना फारसे दिसत नाही. तिथे मान वर न करता "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" असे सांगतात आणि एस्टिमेटचा कागद पुढे सरकवतात. अर्थवाले काका निदान खाली वाकून पाहतात.

पाहता पाहता ते दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीपाशी येतात. दार उघडले-मिटले की आतल्या वायरी वाकतात. काही वर्षांनी वरचे आवरण धड दिसते, पण आतले तांबे तुटलेले असते. म्हणून काही गाड्यांचे लॉक दार उघडे असताना चालते आणि मिटल्यावर रुसते. काका वायर चिमटीत धरून हलक्या हाताने ओढतात. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. मग डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून, चहापलीकडे काही न घेता ते ती जोडतात. तुटलेली वायर अर्थाची नव्हती हे दाखवले, तरी "म्हणजे तेच" म्हणतात.

नव्या गाड्यांत दारांचा कारभार कंट्रोल युनिटकडे गेला. टॅब घेऊन आलेला पोरगा कोड वाचतो आणि "काका, जरा बाजूला" म्हणतो. पण कोड सांगतो ते कोणत्या दाराच्या सर्किटमध्ये दोष आहे तेवढेच. वायर कुठे तुटली ते सांगत नाही. शेवटी पोरगाही त्याच रबरी नळीपाशी उकिडवा बसतो, आणि टॉर्च धरायला त्याला काकाच लागतात. टॉर्च हलवू नका, असे दोनदा सांगावे लागते.